तांदळाएवढा टाका

खेडेगावात मराठीच्या प्राध्यापकाला लोक तीन कामांसाठी धरून नेतात. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ पाहायला, सत्काराच्या सभेत आभार मानायला, आणि जिथे दुकानदार इंग्रजी बोलण्याचा संभव असतो तिथे त्याच्यावर वचक बसवायला. यंदा श्रावणात तिसऱ्या कामाची पाळी आली. आमच्या कळंबला बायकांचा एक बचत गट आहे आणि आमच्या वहिनी त्याच्या अध्यक्षा आहेत. गटाला गोधडी शिवण्याचे यंत्र घ्यायचे होते, तेही साधे नव्हे, लांब हाताचे. ‘भाऊजी, तुम्ही काही बोलू नका, नुसते बरोबर उभे राहा,’ असे वहिनींनी मला आधीच बजावले. इतकी स्पष्ट नेमणूक मला कोणत्याही विद्यापीठाने आजवर दिलेली नाही.

गोधडीला यंत्र कशाला, असे कुणी विचारील. मीही मनात विचारलेच होते. आमच्याकडे गोधड्या शिवायच्या त्या उन्हाळ्यात. शेतातली कामे आटोपलेली, पाऊस अजून लांब, अशा दिवसांत ओसरीवर जुने लुगडे पसरायचे, त्यावर धोतराचे, साडीचे थर घालायचे, फाटक्या जागी ठिगळे लावायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्याकडे यायचे. दोघी-तिघी बसल्या तरी पुष्कळ दिवस लागत. पुढे बाजारात ब्लँकेटे स्वस्त मिळू लागली आणि ओसऱ्या रिकाम्या झाल्या. संस्कृतातली कंथा, बंगालातली कांथा, आपली गोधडी आणि वाकळ यांच्यावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. पण माझ्या वर्गातल्या मुलांपैकी गोधडीवर निजणारी किती, हे विचारायचे धाडस मला होत नाही.

आता मात्र वारे उलटे फिरले आहे. पुण्या-मुंबईची माणसे कळंबला पिशव्या घेऊन येतात. पुणे-नाशिक रस्त्यावर घोड नदीच्या काठी आमचे गाव, त्यामुळे गाडी थांबवणे सोपे. पिशवीत आईच्या साड्या असतात. आई गेलेली असते, साड्या टाकवत नाहीत आणि नेसायला घरात कुणी नसते. ‘यांची एक गोधडी करून द्या,’ म्हणतात. एका गृहस्थांनी पाच साड्या दिल्या आणि सहावी परत मागून घेतली. ती नुसती घरात ठेवायची होती. अशा पिशव्यांचा ढीग लागला आणि हात कमी पडू लागले. गटातल्या सगळ्यांत जाणत्या मावशींनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांचा अंगठा आता सकाळी लवकर वळत नाही.

साध्या शिलाईयंत्रावर हे काम का होत नाही, ते ज्यांनी करून पाहिले त्यांनाच कळते. सुई आणि यंत्राचा उभा खांब यांच्यामध्ये जागा असते जेमतेम वीतभर. झबले शिवायला ती पुरते. पण पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडीच्या मध्यावर टाका घालायचा, तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या विताएवढ्या खिंडीतून कोंबावी लागते. शिवणारीचे खांदे भरून येतात आणि आतले थर सरकून सुरकुत्या पडतात. लांब हाताच्या यंत्रात ही खिंड दीड फुटापासून अडीच फुटांपर्यंत असते. त्याचे दोन प्रकार. एकात यंत्र टेबलावर बसवलेले असते आणि आपण कापड फिरवायचे. दुसऱ्यात कापड लाटण्यासारख्या दांड्यांवर ताणून बसवायचे आणि यंत्रच चाकांवरून रुळांवर मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे न्यायचे. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकारावर एक सबंध धंदा उभा आहे: बायका घरी गोधडीचा वरचा थर जोडून आणतात आणि यंत्राची मालकीण मजुरी घेऊन तो अस्तराला टाचून देते.

एसटीने आम्ही पुण्याला गेलो. दुकानदार सौजन्याची मूर्ती होता. त्याने रुळावरचे यंत्र सुरू केले, संगणकाचे एक बटण दाबले, आणि पाहता पाहता पांढऱ्या शुभ्र कापडावर मोर उमटला. बायका क्षणभर गप्प झाल्या. मीही झालो. मोर सुंदर होता, खोटे कशाला बोलू? मग मावशींनी पिशवीत हात घालून एक गाठोडे काढले. त्यांच्या सासूबाईंचे विटलेले नऊवारी, एक पॉलिएस्टरची साडी, धोतराचा तुकडा आणि काठावर काठ येतील अशी मुद्दाम लावलेली ठिगळे. ‘यावर काढा मोर,’ त्या म्हणाल्या.

मला वाटते, यंत्र विकणाऱ्याला याहून अवघड प्रश्न कुणी विचारला नसेल. नवे सुती कापड आणि आत मऊ भरण, यावर कोणतेही यंत्र छान चालते. आमच्या गोधडीत भरण नसते, नुसते कापडाचे थर असतात. एका जागी तीन, दोन बोटांवर सात, आणि काठ आला की सुईला दगड लागल्यासारखे होते. मोराच्या पिसाऱ्यापाशीच सुई मोडली. दुकानदाराने सोळा नंबर काढून अठरा नंबरची घातली, कापड दाबणारा पाय उचलून घेतला, आणि मग टाके पडू लागले. मावशींनी कापड उलटे करून खालची बाजू पाहिली. वळणांवर खालच्या दोऱ्याच्या अळ्या झाल्या होत्या. यंत्राच्या शिवणीत दोन दोरे असतात. एलियास हौने १८४६ साली ज्याचे पेटंट घेतले त्या यंत्रात सुईचे नेढे टोकाशी आले. त्यामुळे वरचा दोरा खाली जाऊन बॉबिनच्या दोऱ्याला मिठी मारून येतो. दोघांचा ताण जुळला नाही की वरून शिवण देखणी आणि खाली गोंधळ. गोधडीला मात्र पोटही असते आणि पाठही. निजणाऱ्याच्या अंगाला लागते ते पोट.

तरी अळ्यांचा उपाय एका स्क्रूच्या फिरकीत होता. खरी अडचण मावशींनी नखाने दाखवली. टाके मोहरीएवढे बारीक होते. त्यांनी विटलेल्या नऊवारीवरची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली, आणि टपालाच्या तिकिटांच्या पानासारखे कापड शिवणीवरून सरळ फाटत गेले. दुकानात कुणी काही बोलेना. बारीक टाका म्हणजे पक्का टाका, हे नव्या कापडाचे शास्त्र. जुन्या कापडाला प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. ‘तांदळाएवढा टाका पाहिजे,’ मावशी म्हणाल्या. ‘हात लांब हाय, पण बोटं नाय त्याला.’ आणि ज्या साड्या गिऱ्हाईक आणून देते त्या पुन्हा विकत मिळत नाहीत. सासूबाईंचे लुगडे फाटले ते मावशींचे स्वतःचे होते म्हणून बरे.

शिलाईयंत्राविषयी गांधीजी १९२४ साली मोठे आपुलकीने बोलले होते. यंत्रांवर त्यांचा राग, पण सिंगरच्या यंत्राला त्यांनी अपवाद केला होता. बायको हाताने शिवून दमते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, असे त्यांचे म्हणणे. सिंगरचे चरित्र वाचले तर या प्रेमाचा पुरावा सापडणे कठीण. तो दोन डझन मुलांचा बाप होता, आणि ती मुले एका बाईची नव्हती. पण कथा खोटी असली तरी गांधीजींची कसोटी मला खरी वाटते: यंत्र कुणाचे श्रम वाचवते, तेवढे पाहावे. मावशींचा अंगठा त्या कसोटीत बसतो. मोर बसत नाही.

मग मोर बाजूला राहिला आणि खरी पारख सुरू झाली. टेबलावरचे यंत्र स्वस्त होते आणि जागा कमी घेत होते. वहिनींनी त्यावर पाऊण तास शिवले. खिंड मोठी असली तरी तीन किलोंची गोधडी दोन्ही हातांनी फिरवायची, म्हणजे खांद्यांचे दुखणे तसेच. शिवाय कापड झपकन सरकले की टाका लांब, रेंगाळले की टाक्यावर टाका. रुळावरच्या यंत्राला यावर एक युक्ती होती: हात कितीही वेगाने चालला तरी त्या वेगाला सुई जुळवून घेते आणि टाका सारखा ठेवते. ‘इंचाला किती टाके, ते ठरवता येते का?’ वहिनींनी विचारले. येत होते. दुकानदाराने काटा अकरावर ठेवला होता. तो चारवर आणला. मावशींनी उभ्याने यंत्र धरून एक ओळ मारली, मग दुसरी. उभ्याने काम होते, चालत चालत होते, आणि अंगठ्याला काही करावे लागत नाही. त्यांनी पुन्हा शिवण ताणली. या वेळी कापड टिकले.

पुढचे सारे वहिनींचे. दोरा त्यांनी स्वतः ओवला, बॉबिन स्वतः बदलली, मधेच वीज बंद करायला लावून सुई कुठे थांबते ते पाहिले. बिघडले तर माणूस कळंबपर्यंत येईल की यंत्र पुण्याला आणायचे, हे त्यांनी कागदावर लिहून घेतले. दांड्या बारा फुटांच्या आणि आमची ओसरी अकरा. तेव्हा दहा फुटांची चौकट मागितली. संगणक वगळला, किंमत बरीच उतरली. तरी ती लाखांत आहे आणि हप्ते तीन वर्षांचे आहेत. परतीच्या वाटेवर राजगुरुनगर येईपर्यंत बायका महिन्याला किती गोधड्या शिवाव्या लागतील याचा हिशेब बोटांवर करीत होत्या.

एका गोष्टीवर मावशी अडून बसल्या आणि सगळ्यांनी ती मान्य केली. कडेची पहिली फेरी आणि मधला चौक हातानेच घालायचा. वाकड्या गोधडीला दांड्यांवर सरळ बसवायचे, तर कडा आधी हाताने बांधून घेणे भागच आहे, हे कारण त्यांनी सांगितले. मधल्या चौकाचे कारण त्यांनी सांगितले नाही, आणि ते कुणी विचारलेही नाही.

यंत्र भाऊबीजेनंतर येणार आहे. ओसरीवरची गव्हाची कोठी कुठे हलवावी यावर घरात अजून एकमत नाही. इसार दिल्यावर दुकानदाराने विनंती केली होती की, तो शिवलेला तुकडा दुकानात नमुन्याला राहू द्यावा, गिऱ्हाइकांना दाखवता येईल. मावशींनी त्याची घडी घालून तो पिशवीत टाकला. फाटलेला भाग सोडला तर त्यातून अजून चार ठिगळे निघणार होती.