पाणी देणारा आहे, निचरा बघणारा कोण?



परवा ऊस तुटून गेल्यावर खालच्या पट्टीत फिरत होतो. पाचट बाजूला सारलं तर सरीच्या माथ्यावर पांढरी पूड. वरच्या पट्टीतला खोडवा जोमात फुटलाय, खालच्या पट्टीत मात्र बेटं पिवळी आणि मधे मधे तुटाळ. खत सारखं, बेणं सारखं, पाणीही सारखंच. फरक एवढाच, की वरचं पाणी मुरून खाली येतं आणि खालून त्याला जायला वाट नाही.

पलूसच्या नदीकाठाला हे सांगायला नको. आपली काळी जमीन खोल, पण निचरा मंद. खोडशीवरून येणारा कृष्णा कालवा जुना, शिवाय नदीवरच्या उपसा संस्था, वरच्या अंगाला ताकारी योजना. पाणी आलं म्हणून घरं उभी राहिली, पोरं शिकली, हे नाकारणारा मी कोण? पण आत येणाऱ्या पाण्याचा हिशोब झाला, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा झालाच नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर आली, ऊन लागून पाणी उडालं आणि क्षार वर राहिले.

गेल्या वर्षी आमच्या शिवारातला ओढा मोकळा करावा म्हणून पाच-सहा जण मिळून हेलपाटे घातले. ओढा गाळानं आणि वेड्या बाभळीनं बुजलेला. एका ठिकाणी सांगितलं, "पाणी देणं आमचं काम, ओढा आमच्याकडं येत नाही." दुसरीकडं, "आम्ही माती तपासून देतो." तिसरीकडं, "आधी हद्द मोजून आणा." कुणी वाईट बोललं नाही, कुणी पैसेही मागितले नाहीत. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता. ओढा आहे तसाच आहे.

माझं म्हणणं इथंच आहे. जमीन एक, पण तिची खाती किती? कालवा आणि धरण जलसंपदा विभागाकडं. माती आणि पीक कृषी विभागाकडं. बंधारे, पाणलोट मृद व जलसंधारण विभागाकडं, जो 2017 पासून स्वतंत्र झाला. विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणार भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. ओढ्याची हद्द महसूलकडं. दिल्लीतही तीच गत: माती कृषी मंत्रालयात, पाणलोट ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागात, सिंचन जलशक्ती मंत्रालयात. पाणी मात्र खातं बघून वाहत नाही, उतार बघून वाहतं.

मृद आरोग्य पत्रिकेचंच घ्या. 2015 साली योजना आली, चांगली आली. बारा घटक तपासून मिळतात. बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकोनाला एक नमुना. पण वरची पट्टी चांगली आणि खालची खराब असेल, तर अडीच हेक्टरांचा एक नमुना कुणाची गोष्ट सांगणार? त्यात सामू आणि क्षारता कळते, पण मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम त्या बारांत नाही आणि पाणी किती फुटांवर आहे हेही नाही. आपल्याला तर नेमकं तेच हवं. जमीन खारवट असेल तर निचरा करून गोड्या पाण्यानं क्षार धुऊन निघतात. चोपण असेल, म्हणजे सामू साडेआठच्या वर आणि सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर, तर निचऱ्याबरोबर जिप्समही लागतं. हे न बघता नुसती जिप्समची पोती ओतणारे आपल्यात थोडे नाहीत. निचरा नसेल तर ते पैसे मातीतच गेले समजा.

जलयुक्त शिवार डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालं. पाणी अडवा, जिरवा. जत, आटपाडीला ते बरोबरच आहे. पण त्याच सांगली जिल्ह्यात आमच्या काठाला नेमकं उलटं पाहिजे: जिरलेलं पाणी काढा. जिल्हा एक असला तरी औषध एक कसं चालेल?

हे दुखणं आजचंही नाही. नीरा डावा कालवा 1885 ला आला आणि पुढं बारामतीकडच्या काळ्या जमिनी फुगून पांढऱ्या पडल्या. पाणी आणि शेती यांचा मेळ घालण्यासाठी मुंबई इलाख्याच्या सरकारनं 1916 मध्ये एक खास सिंचन कक्ष काढला. त्याचीच पुढं खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. म्हणजे शंभर वर्षांमागं सरकारला कळलं होतं, की पाणी देणाऱ्यानंच जमिनीचं काय होतंय ते बघायला पाहिजे.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं आपल्याच मातीत भूमिगत निचऱ्यावर काम केलंय. जमिनीखाली सच्छिद्र पाईप, त्या मोठ्या पाईपला जोडायच्या आणि पाणी ओढ्यात सोडायचं. अडचण पाईपची नाही, शेजाऱ्याची आहे. माझ्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधे चार जणांची रानं. एकट्यानं करायचं हे कामच नव्हे. शिरोळला दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेतला, शेतकऱ्यांचे गट बांधले, कर्ज उभं केलं, तेव्हा सलग क्षेत्रावर पाईप पडली. तंत्र तेच, फरक बांधणीचा.

आता आपलंही माप पदरात घेऊया. रात्री मोटर चालू करून घरी झोपायला जाणारे आपणच. ओढ्याच्या काठावर दोन सऱ्या वाढवणारेही आपणच. पाणीपट्टी एकरावर, मग पाणी मोजतंय कोण? 2005 च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलंय. ते किती ठिकाणी खरं झालं, ते ज्यानं त्यानं आपल्या चारीवर जाऊन बघावं.

म्हणून मागणी साधी आहे. नवीन खातं नको. ज्या लाभक्षेत्राला पाणी दिलं, त्याच्या निचऱ्याची जबाबदारीही एकाच कार्यालयावर लेखी टाका. अनुदान गटनंबरावर न देता आख्ख्या ओढ्याच्या पट्ट्याला द्या. माती पत्रिकेवर पाण्याच्या पातळीची एक ओळ वाढवा. आणि आपण पट्ट्यातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, ओढ्यातलं अतिक्रमण आधी स्वतः काढून, मग अर्ज द्यायचा. हात स्वच्छ असले की आवाज चढतो.

पांढरी पूड दिसली की उशीर झालेला असतो. तोवर एक काम करा. बांधाच्या खालच्या अंगाला चार-पाच फूट खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी किती फुटांवर उभं राहिलंय ते वहीत लिहा. महिन्यातून एकदा पुरे. उद्या कुठल्याही टेबलासमोर बसायची वेळ आली, तर हातात निदान आपली वही असेल.