पुस्तकाचे पैसे आधी द्या

1976 साली मुंबईत चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची प्रकाशन संस्था काढली. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि आपले अरुण कोलटकर. कवितेच्या वाटेला मोठे प्रकाशक तेव्हाही फारसे जात नसत, म्हणून यांनी आपली पुस्तकं आपणच छापली. कोलटकर जाहिरात व्यवसायातले मुरलेले कलावंत, त्यामुळे मुखपृष्ठं घरचीच! पहिल्या चार पुस्तकांतल्या कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. तरी 1984पर्यंत संस्थेची पुस्तकं झाली अवघी आठ.

मराठीत अशोक शहाण्यांनी ‘प्रास प्रकाशन’ असंच हट्टानं चालवलं. 1977चं ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रासचं, कोलटकरांची 2003ची ‘भिजकी वही’ही प्रासचीच.

अशा प्रकाशकाची अडचण सरळ आहे. कागद, छपाई, बांधणी यांचे पैसे आधी मोजायचे. पुस्तक दुकानात गेलं की छापील किमतीतला मोठा वाटा कमिशनात जातो आणि उरलेली रक्कम उधारीत अडकते. ती सुटेपर्यंत पुढचं हस्तलिखित टेबलावरच. पुस्तक चांगलं असूनही दुसरी आवृत्ती निघत नाही, ती बहुतेकदा यामुळे.

यावर तोड ‘ग्रंथाली’नं काढली होती. स्वतःला वाचक चळवळ म्हणवणाऱ्या या संस्थेनं वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तकं काढली. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 साली तिथूनच आलं. म्हणून आज प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात दिसली, की ‘आल्यावर बघू’ म्हणू नका. त्या वेळी भरलेले तीनशे रुपये छापखान्याच्या बिलाला लागतात, वर्षानं दिलेले लागत नाहीत.

जुनं पुस्तक हवं असेल तर घरातल्या त्याच प्रकाशकाच्या एखाद्या पुस्तकाचं शीर्षकपान उलटून बघा. मागच्या बाजूला प्रकाशकाचा पत्ता असतो, बहुधा फोनही. सरळ फोन लावा, काय शिल्लक आहे विचारा, टपालखर्चासकट पैसे पाठवा. ओळखीवर फुकट प्रत मागू नका. लेखकाकडे तर नकोच, बिचाऱ्याला मोजक्याच मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकाची पीडीएफ आली तर पुढे ढकलू नका. आणि तुमच्या वाचनालयात मागणीची वही असेल, तर तीत नावाबरोबर प्रकाशकाचा पत्ताही लिहा, म्हणजे ग्रंथपालाला शोधत बसावं लागणार नाही.