बिल हायड्रोजनच्या नावावर

पूल, विमान, पाइपलाइन, काहीही मोडू दे. अहवालात 'हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट' असं छापून आलं की सगळे कसे निवांत होतात! जणू ग्रहण लागलं होतं, माणसाचा हातच नव्हता. मला या निवांतपणाचाच राग येतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचं घ्या. नवा पूर्व भाग, खर्च ६.४ अब्ज डॉलर. भूकंपात पूल जागेवर धरून ठेवायला एका खांबावर ९६ जाडजूड रॉड होते. मार्च २०१३ मध्ये ते ताणून घट्ट केले आणि दोनेक आठवड्यांत त्यातले ३२ तुटले. वर वाहतूक नाही, भूकंप नाही. नुसते ताणलेले असताना!

हायड्रोजनचा अणू सगळ्यात लहान. तो पोलादात शिरतो, जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो आणि आतली पकड ढिली करतो. पोलाद जितकं कडक तितका धोका जास्त. शिवाय ते तुटतं सावकाश, त्यामुळे कारखान्यात नमुना ओढून बघितला तर झकास पास. (डेमोत पळणारं सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.)

यात नवीन काय होतं? इतक्या कडक रॉडना जस्ताचा मुलामा द्यायचा नाही, हे कॅलट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्याच्या, स्वतःच्याच नियमात होतं. इथे अपवाद केला. का, तर खाडीची हवा खारी, गंज चढेल. कबूल. मग थोडे कमी कडक पण जास्त जाड रॉड घ्यायचे होते ना! वर २००८ मध्ये बसवलेले रॉड पाच वर्षं न ताणता भोकांत पडून, आणि भोकांत पाणी साचलेलं. हायड्रोजनला आणखी काय आवतण हवं?

तपासात निघालं की रॉड ताकदीच्या आणि रासायनिक घटकांच्या मूळ निकषांत बसत होते. लोक हे बचाव म्हणून सांगतात. अहो, हाच तर आरोप आहे! निकष ओढून तोडायच्या ताकदीचा, आणि काम वर्षानुवर्षं ओलाव्यात ताणलेलं राहायचं.

ते रॉड काही बदलता येईनात. मग सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून तिथे पोलादी खोगीर चढवलं. पुलावरच्या त्याच जातीच्या बाकीच्या रॉडसाठी मात्र पूर्ण आकाराचे रॉड खाऱ्या पाण्यात बुडवून, ताण टप्प्याटप्प्याने वाढवत चाचणी केली. म्हणजे येत होती की करता! मग २००८ च्या आधी कुणी हात धरला होता?