‘दत्तक देणे आहे, औषध चालू आहे’

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा विनंत्या आता रोजच्या झाल्या आहेत. अपघातात पाय गमावलेले पिल्लू, एक डोळा गेलेली भाटी, ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’ बोका. फोटो पाहून जीव कळवळतो आणि बहुतेक वेळा निर्णयही फोटोवरच होतो. घोळ इथेच आहे. तीन पायांचे मांजर केविलवाणे दिसते, पण जखम भरली की त्याला खास काही लागत नाही. महिन्याभरात ते फ्रिजवर चढून बसते. याउलट मधुमेह झालेले टवटवीत मांजर दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी इन्सुलिन मागते. गणपतीत चार दिवस गावी जायचे तर आधी सुई टोचणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून ‘मांजर किती आजारी आहे’ हा प्रश्न दुय्यम आहे. रोज काय करावे लागेल, किती दिवस आणि त्याचा खर्च कोण करणार, हे आधी विचारायला हवे.

हा बदल सर्वात ठळक दिसतो तो ‘एफआयपी’ या आजारात. मांजरांमध्ये त्यांचा स्वतःचा एक कोरोनाविषाणू सर्रास आढळतो. तो कोविडचा नव्हे आणि माणसाला होत नाही. आतड्यात राहतो, फार तर जुलाब करतो. मात्र काही मांजरांच्या, विशेषतः दोन वर्षांखालच्या पिल्लांच्या शरीरात तो रूप बदलतो आणि रोगप्रतिकारक पेशींमध्येच शिरतो. मग ताप उतरत नाही, पोटात पाणी साचते किंवा डोळे आणि मेंदूवर परिणाम होतो. एका खोलीत वीस-पंचवीस मांजरे, सामायिक वाळूचे ट्रे आणि सततचा ताण, म्हणजे कोणताही निवारा, हे या विषाणूला सोयीचे ठिकाण. त्यामुळे दत्तक म्हणून घरी आणलेले गोजिरे पिल्लू पुढच्या काही आठवड्यांतच आजारी पडल्याची कहाणी मांजर पाळणाऱ्यांना नवी नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे जवळपास मृत्यूचे पत्र होते. 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी ‘जीएस-441524’ हे संयुग 31 आजारी मांजरांना दिले. त्यातली 25 दीर्घकाळ जगली. हे नाव अनोळखी वाटले तरी त्याचे भावंड आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. एप्रिल 2021 मध्ये ज्या रेमडेसिविरसाठी महाराष्ट्रात औषध दुकानांसमोर रांगा लागल्या, ते शरीरात गेल्यावर मुख्यतः याच संयुगात रूपांतरित होते. माणसांच्या कोविडमध्ये त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा बराच मर्यादित निघाला. मांजरांच्या बाबतीत मात्र त्याने चित्रच पालटले.

औषध सापडले, पण ते सरळ दुकानात आले नाही. मूळ कंपनी गिलियडने मांजरांसाठी ते बाजारात आणले नाही आणि ती पोकळी काळ्या बाजाराने भरली. चीनमध्ये तयार झालेल्या, विनापरवाना बाटल्या समाजमाध्यमांवरच्या गटांतून जगभर पोहोचल्या. लेबलवर लिहिलेले प्रमाण आणि आतले प्रमाण जुळत नसल्याचे तपासण्यांत दिसले. तरीही हजारो मांजरे याच बाटल्यांवर वाचली, हेही खरे. ब्रिटनमध्ये 2021 पासून पशुवैद्यांना हे औषध कायदेशीरपणे मिळू लागले. अमेरिकेच्या एफडीएने मे 2024 मध्ये भूमिका जाहीर केली की, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर फार्मसीने तयार करून दिलेल्या या औषधाविरुद्ध सहसा कारवाई करणार नाही. सायप्रसमध्ये 2023 साली मांजरांत या आजाराची मोठी साथ आली, तेव्हा सरकारने माणसांसाठी घेतलेल्या मोलनुपिराविरचा उरलेला साठा मांजरांसाठी खुला केला.

आपल्यासाठी यातली गोम अशी की, रेमडेसिविर आणि मोलनुपिराविर या दोन्ही औषधांचे जेनेरिक रूप भारतीय कंपन्या तयार करत आल्या आहेत. म्हणजे कारखाना इथेच, ज्ञानही उपलब्ध. हवा आहे तो मांजरांसाठी छापील मात्रेसह औषध पशुवैद्याच्या हाती पोहोचण्याचा रीतसर मार्ग. तो नसेल तर घाबरलेला पालक अनोळखी माणसाला पैसे पाठवून बिनलेबलाची बाटली मागवतो, आणि ते औषध किती घातले हे डॉक्टरांनाही नीट कळत नाही.

उपचाराचा प्रचलित काळ 84 दिवस. एकही दिवस चुकवायचा नाही. मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लू बरे होताना भराभर वाढते, त्यामुळे दर आठवड्याला वजन करून मात्रा वाढवावी लागते; इथे हयगय झाली तर आजार उलटू शकतो. औषध थांबल्यावर आणखी सुमारे तीन महिने रक्ततपासण्या आणि देखरेख. म्युनिकमधल्या 40 मांजरांच्या अभ्यासात, पोटात वा छातीत पाणी झालेल्या रुग्णांना 42 दिवसांचा उपचारही 84 दिवसांइतकाच पुरल्याचे दिसले. खर्च निम्म्यावर आणणारी ही बातमी आहे, पण मेंदू किंवा डोळ्यांपर्यंत गेलेल्या आजाराला ती लागू करू नये. आणि मोलनुपिराविर देत असाल तर हातमोजे वापरावेत. गर्भवती स्त्रीने ते हाताळूच नये.

‘एफआयव्ही’चे उलट आहे. नाव ऐकून लोक दचकतात, कारण ते एचआयव्हीसारखे वाटते. विषाणू त्याच कुळातला असला तरी माणसाला तो होत नाही. मांजरांत तो मुख्यतः भांडणातल्या खोल चाव्यांतून पसरतो. नसबंदी झालेला, घरातच राहणारा असा बोका वर्षानुवर्षे ठणठणीत राहू शकतो. सहा महिन्यांखालच्या पिल्लाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर ती आईकडून आलेली प्रतिपिंडेही असू शकतात. पुन्हा तपासणी करावी. एका अहवालावर पिल्लू नाकारणे हा निव्वळ अन्याय. ‘एफईएलव्ही’ मात्र वेगळा. तो लाळेतून, एकमेकांना चाटण्यातूनही पसरतो आणि आयुष्य घटवतो. घरात आधीची मांजरे असतील तर तपासणीशिवाय नवे मांजर त्यांच्यात सोडू नये.

आता दत्तक देणाऱ्यांविषयी. रस्त्यावरून जनावर उचलून आणणारी ही माणसे बहुधा स्वतःच्या खिशातून खर्च करतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ‘थोडी काळजी घ्यावी लागेल’ हे वाक्य त्यांनी बंद करावे. निदान कशावरून झाले, औषधाचे नाव, मात्रा, सुरू झाल्याची तारीख, आजवरची वजने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन हे सगळे एका कागदावर मांजराबरोबर गेले पाहिजे. उपचार संपेपर्यंत मांजर ‘सांभाळायला’ देऊन खर्च निवाऱ्याने करायचा आणि दत्तक नंतर, ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. निम्म्यावर परत आलेल्या मांजराचे हाल सर्वात वाईट होतात. औषध तुटते आणि नव्या जागेचा ताण वेगळा.

घेणाऱ्याने रेबीजची लस झाली आहे का, हे विचारावे. मांजर चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवून लगेच दवाखाना गाठावा. दुसरे, ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ते पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. एफआयपीतल्या हट्टी तापात हा मोह हमखास होतो.