इसराफ, उकिरडा आणि चूल

लग्नाच्या हंगामात कुठल्याही शादीखान्याच्या मागच्या बाजूला रात्री अकरानंतर जाऊन पाहावे. बिर्याणीचा भात, अर्ध्या खाल्लेल्या बोट्या, जर्दा, आणि त्यातच मिसळलेल्या थर्माकोलच्या थाळ्या व पाण्याच्या बाटल्या. वलीमा आपण सुन्नत म्हणून करतो. त्याच्या शेवटी जे घडते त्याला कुरआनात नाव आहे : इसराफ. सूरह आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि उधळपट्टीची मनाई एकत्रच आलेली आहे. आपण परवानगी तेवढी लक्षात ठेवली.

हे अन्न पुढे कुठे जाते? मुंबईत त्याचे उत्तर बराच काळ देवनार हे होते. हा कचरा डेपो १९२७ पासूनचा. त्याला लागून गोवंडी-शिवाजीनगरची वस्ती आहे, गरीब आणि बहुतांश मुसलमान. जानेवारी २०१६ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा काही दिवस सगळी मुंबई धुराबद्दल बोलत होती. त्या वस्तीतले लोक मात्र आगीच्या आधीही तोच धूर गिळत होते आणि नंतरही.

ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा मिळाली नाही, की त्यातून मिथेन निघतो. तो पेट घेतो. न पेटता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे गॅस तयार होतोच आहे. तो डेपोत पेटावा की चुलीत, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

चुलीत पेटवण्याची विद्या नवी नाही. गोबरगॅसच्या टाक्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत अनेकांनी पाहिल्या आहेत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार सोपा आहे. शेणातली बरीच शक्ती गाईने आधीच काढून घेतलेली असते. भात, पीठ, भाजी यांत ती शाबूत असते, म्हणून किलोमागे गॅस कितीतरी जास्त मिळतो. आणि गॅस काढल्यावर उरलेली मळी शेताला खत म्हणून चालतेच. उघड्या खड्ड्यात आधी कंपोस्ट केले, तर ती शक्ती उष्णता होऊन उडून जाते. म्हणून क्रम हा : आधी टाकी, मग शेत.

मग अडते कुठे? केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली. शेतातला आणि शहरातला कचरा वापरून गाड्यांचा गॅस बनवणारे ५००० प्रकल्प उभे करायचे होते. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोचता आले नाही. याउलट इंदूरला २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला, कारण तिथे घराघरांतून कचरा वेगळा करून येतो. प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यापुढे कुठलेही यंत्र हात टेकते.

आपल्या जमातींनी इथूनच सुरुवात करावी. शादीखान्यात मात्र टाकी बसवू नये. तिथे महिन्यात वीस लग्ने, आणि रमजानमध्ये एकही नाही. टाकीतल्या जिवाणूंना रोज थोडे खाद्य लागते. उपास घडला तर ते मरगळतात, एकदम देग ओतली तर टाकी आंबते. योग्य जागा म्हणजे मुले राहतात तो मदरसा. तिथे रोज स्वयंपाक, रोज खरकटे आणि रोज गॅसची गरज. शादीखान्यातले उरलेले, हाडे आणि प्लास्टिक काढून, तिथे थोडे थोडे देता येईल. बकरी ईदला ओझरीतून निघणारा अर्धवट पचलेला चारा गटारात जातो. तोही टाकीसाठी उत्तम, कारण हे जिवाणू मुळात जनावराच्या पोटातलेच.

कुणी विचारेल, असल्या गॅसवर शिजवलेले पाक कसे? आपल्या आजींनी शेणाच्या गोवऱ्यांवर भाकऱ्या भाजल्या आणि त्याच भाकरीने रोजे सोडले. दारूचा सिरका झाला की तो हलाल, हे फिकहचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. वस्तूचे रूप पालटले की हुकूम पालटतो.

मात्र ही टाकी म्हणजे इसराफचा कफ्फारा नव्हे. दाण्यामागे शेतकऱ्याचा घाम आणि विहिरीचे पाणी असते. गॅस होऊन त्यातला थोडासाच भाग परत येतो. दाऊदी बोहरा समाजात थाळीत दाणा उरू नये म्हणून लक्ष ठेवणारी 'दाणा कमिटी' असते. ती आपण उचलावी. आधी कमी वाढावे, मग उरलेले भुकेल्याला द्यावे, आणि जे कुणाच्याच तोंडी जाऊ शकत नाही तेच टाकीत जावे. पुढच्या जुम्म्याला वलीम्याच्या पदार्थांची संख्या आणि दोन वेगळ्या बादल्या, एवढ्या दोनच गोष्टींवर बयान झाले, तरी गोवंडीच्या एखाद्या पोराची छाती थोडी हलकी होईल.