ज्ञानयुक्त दया

घरच्या मांजराचें नख मोडून रक्त आलें, म्हणजे मुलांचें अंतःकरण कळवळतें. हा कळवळा स्तुत्य खरा; परंतु ज्ञानावांचून दया कधीं कधीं घातक होते, असें आमचें मत आहे.

आपणांस गुणकारी तें औषध मांजरासही द्यावें, ही समजूत अगदीं चुकीची होय. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्यास प्राणघातक ठरूं शकते. कारण तिचें विष निकामी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फार अल्प असते. फिनाइल व तत्सम जंतुनाशकेंही वर्ज्य समजावींत. मांजर पंजा चाटतें. जें पायास लाविलें, तें पोटांत गेलेंच!

मग करावें काय? एकानें मांजर टॉवेलांत गुंडाळून धरावें. दुसऱ्यानें स्वच्छ फडकें जखमेवर 5 मिनिटें दाबावें. रक्त थांबेना तर चिमूटभर मैदा दाबून लावावा. लोंबणारें नख ओढूं नये. त्याच्या मुळाशीं रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. पुढें पंजा स्वच्छ व कोरडा ठेवावा. 15 मिनिटांत रक्त न थांबल्यास, किंवा मागाहून सूज अथवा पू दिसल्यास, पशुवैद्याकडेच जावें.

या खटपटींत मांजर ओरबाडतें किंवा चावतें, आणि मुलें बोलणीं बसतील या भीतीनें तें लपवितात. पालकांस आमची विनंति कीं, त्यांनीं रागावूं नये. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. कारण पिसाळरोगाची लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाहीं.

मुलांनो, दया अवश्य करा; परंतु आधीं विचारा, मग हात लावा.