पायांची गुणपत्रिका

विद्यापीठाचा संघ निवडण्यापूर्वी खेळाडूंना ओळीने उभे करावे, कोणाला डोक्यावर काठी धरून खोल बैठक मारावयास लावावे, कोणाला उताणे निजवून एक पाय ताठ उचलावयास सांगावे, तपासनिसाने प्रत्येकाच्या नावापुढे शून्य ते तीन गुण मांडावेत आणि त्या बेरजेवरून यंदा कोणाचा गुडघा दगा देणार हे ठरवावे, ही पद्धत दिसावयास मोठी शास्त्रशुद्ध आहे. ग्रे कुक व ली बर्टन या अमेरिकन तज्ज्ञांनी रूढ केलेल्या या तपासणीत सात हालचाली आणि एकूण २१ गुण असतात. १४ वा त्याहून कमी गुणांचा खेळाडू धोक्यात, ही सीमारेषा मात्र २००७ सालच्या ज्या अभ्यासातून प्रचारात आली, त्यात अवघे ४६ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू होते. शिवाय या बेरजेत खांद्याचा ताठरपणा आणि नितंबसंधीचा ताठरपणा एकाच मापाने मोजला जातो, तेव्हा पायाचे भवितव्य खांद्याच्या खात्यावर मांडण्याचा हा हिशेब कोणत्याही जमाखर्चनिसाला पटू नये.

तपासणीच्या गुणांवरून दुखापतीचे भाकीत करता येते, या समजुतीचे मूळच नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी २०१६ साली तपासले. पुढे जायबंदी झालेल्यांचे आणि धडधाकट राहिलेल्यांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की दोहोंमधून सीमारेषा कोठेही ओढली तरी कित्येक सुदृढ खेळाडू नाहक दोषी ठरतात व कित्येक दुखापती नजरेतून निसटतात. आणि आपल्या कबड्डीत चढाईपटूचा घोटा प्रतिपक्षाच्या पकडीत पिळवटतो तो क्षण कोणत्या काठीच्या बैठकीत दिसावा?

तपासणी सर्वस्वी टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. हालचाल करताना वेदना झाली की शून्य गुण मिळतो, आणि ते शून्य खेळाडूला वैद्याकडे धाडण्यास पुरेसे आहे. मागील मोसमातील दुखापतीची चौकशी तर पहिल्याच दिवशी व्हावी, कारण नव्या दुखापतीचा भरवशाचा दाखला बहुधा जुनीच दुखापत देते. एरवी ही बेरीज निवड समितीच्या दफ्तरात जाता कामा नये. दुखापती टाळण्याची वाट निराळीच आहे: अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष फुटबॉलपटूंना २०१२ च्या मोसमात ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम दिला असता दुखापतींचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांनी घटले. त्यासाठी कोणाचेही गुण मांडावे लागले नव्हते. एका खेळाडूच्या तपासणीस दहा-पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे ज्या तासात जेमतेम पाच जणांची बेरीज पुरी होते, त्याच तासात अख्ख्या संघाचा तीन दिवसांचा पूर्वव्यायाम उरकतो.